पाटणचा मठ आणि एकाच्या शेजारचा सूक्ष्म अंश

१/८
जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सामंतांनी इ. स. १२०७ मध्ये त्याला दान दिले, असे तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांसमोर आणला.

२/८
या वारशाचा अभिमान खानदेशाने बाळगावाच. मात्र आधुनिक गणितातील प्रत्येक शोध भास्कराचार्यांच्या नावे जमा करण्याची हौस त्यांना मोठे करीत नाही. लघुगणकांची सारणी नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. ते श्रेय त्याचेच. आचार्यांचे मोठेपण त्यांच्या गणनेच्या शिस्तीत आहे.

३/८
‘सिद्धान्तशिरोमणि’ (इ. स. ११५०) या ग्रंथातील ज्योत्पत्ति प्रकरणात एकेका अंशाने पुढच्या कोनाची ज्या काढण्याचा नियम आहे: ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करावा आणि कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागून आलेले फळ त्यात मिळवावे.

४/८
त्रिज्या ३४३८ घेऊन पाहू. ३० अंशांची ज्या १७१९, कोटिज्या सुमारे २९७७.४. वजा करायचे ०.२६, मिळवायचे ५१.९६. उत्तर १७७०.७०. आजचा संगणकही ३१ अंशांसाठी हेच देतो.

५/८
‘०.२६ एवढ्याशा भागाची काय मातब्बरी?’ असे वाटेल. पण थेंबे थेंबे तळे साचते. कोटिज्याही याच गुणकांनी पुढे नेत शून्यापासून ९० पावले टाकली, तर ज्या ३४३८.०२ येते, खरे उत्तर ३४३८. दोन्हींतून ६५६९ वा भाग गाळला, तर तीच सुमारे ३४८५ होते. ज्या त्रिज्येहून मोठी! सारणीच निरुपयोगी.

६/८
आता संगणकाकडे वळू. नेहमीच्या दशांश गणनेत त्याच्याजवळ सुमारे सोळा अंकांचीच जागा असते. १ मध्ये १०⁻¹⁶ मिळवले, की बेरीज पुन्हा १ च उरते आणि तिचा लघुगणक शून्य येतो. खरे उत्तर जवळजवळ १०⁻¹⁶ आहे. म्हणजे सारेच उत्तर हरवले. म्हणून सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात ‘लॉग१पी’ हे स्वतंत्र फलन आहे. त्याला १ + क्ष द्यायचे नसते, केवळ क्ष द्यायचा असतो. सूक्ष्म अंश एकात बुडण्याआधीच वेगळा हाताळला जातो.

७/८
एका अंशाची कोटिज्या त्रिज्येच्या ०.९९९८४७७ पट. हा गुणक चार दशांशांत कापला, तर ०.९९९८ उरतो आणि सूक्ष्म भागाची अचूकता जाते. ‘६५६९ वा भाग वजा करा’ असे म्हटले, की तोच भाग जवळजवळ शाबूत राहतो. पाटणहून आजच्या प्रोग्रामपर्यंत थेट परंपरा पोहोचली, असा याचा अर्थ नव्हे. अडचण एकाच जातीची आहे आणि उपायाचे तत्त्वही एकच: एकाच्या शेजारचा लहान अंश निराळा जपावा.

८/८
चांगदेवांचा मठ आजोबांच्या जयजयकारासाठी नव्हे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी होता. पाटणला जाणाऱ्या तरुण अभ्यासकाने शिलालेखाचे छायाचित्र जरूर घ्यावे; पण वही उघडून ३१ वरून ३२ अंशांची ज्याही स्वतः काढावी. त्या दानाचा मान राखण्याची हीच खरी रीत आहे.