विश्लेषण : सत्तरीतला ‘इंटर्न’ आणि तरुण बॉस, अनुभवाला ऑफिसात नेमकी जागा कोणती?

निवृत्त माणूस पुन्हा कामावर येतो, तोही शिकाऊ म्हणून. ‘द इंटर्न’ या २०१५ मधील हॉलिवूडपटाची ही कल्पना हसवते. पण त्यामागचा प्रश्न आज भारतातील अनेक घरांत आहे : नोकरीची वर्षे संपली, तब्येत ठीक आहे, काम करायची इच्छा आहे, मग पुढे काय?

चित्रपटाची कथा काय?

नॅन्सी मायर्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा विनोदी-भावनिक चित्रपट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घडतो. बेन व्हिटकर (रॉबर्ट डी नीरो) सत्तर वर्षांचा विधुर. प्रवास करून झाला, योगा करून झाला, मँडरिन भाषाही शिकून झाली. तरी दिवस रिकामाच. कपड्यांची ऑनलाइन विक्री करणारी ‘अबाउट द फिट’ ही स्टार्टअप ज्येष्ठांसाठी इंटर्नशिप जाहीर करते. बेन व्हिडीओ अर्ज पाठवतो आणि संस्थापक ज्यूल्स ऑस्टिनच्या (अ‍ॅन हॅथवे) हाताखाली रुजू होतो. ज्यूल्सची कंपनी झपाट्याने वाढली आहे आणि अनुभवी सीईओ बाहेरून आणा, असा गुंतवणूकदारांचा दबाव तिच्यावर आहे.

बेनचा अनुभव तर कालबाह्य झाला होता ना?

चित्रपटातील सर्वात बोलका तपशील इथेच आहे. बेनने आयुष्यभर टेलिफोन डिरेक्टरी छापणाऱ्या कंपनीत काम केले. इंटरनेटने तो धंदा जवळपास संपवला. ज्यूल्सचे ऑफिस ज्या जुन्या कारखान्यात आहे, तिथेच पूर्वी या डिरेक्टऱ्या छापल्या जात. म्हणजे ज्या तंत्रज्ञानाने बेनचे उत्पादन बाद केले, त्याच तंत्रज्ञानावर चाललेल्या कंपनीत तो शिकाऊ आहे.

उत्पादन बाद झाले म्हणून कामाची समज बाद होत नाही. ग्राहक का टिकतो, वरिष्ठ दमला आहे हे कसे ओळखायचे, कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने पुसले जात नाही.

‘आमच्या काळी’ हा सूर का नाही?

सुरुवातीला ज्यूल्स बेनला कामच देत नाही. तो तक्रार करत नाही. टपालाची गाडी ढकलायला मदत करतो. साऱ्या ऑफिसला खुपणारा पसाऱ्याचा टेबल एका सकाळी आवरून ठेवतो. लॅपटॉप कसा सुरू करायचा, हे शेजारच्या पोराकडून शिकायला त्याला लाज वाटत नाही. सल्ला तो देतो, पण बहुतेक वेळा कोणी विचारल्यावर.

बेकी ही ज्यूल्सची साहाय्यक. व्यवस्थापनाची पदवी, दिवसाला १४ तास काम आणि कौतुकाचा शब्द नाही. बेन आपली पत वापरून तिच्या कामाचे श्रेय ज्यूल्सच्या लक्षात आणून देतो. ज्येष्ठ आले की तरुणांच्या संधी जातात, या भीतीला चित्रपटाने दिलेले हे उत्तर आहे.

मग चित्रपट कुठे कमी पडतो?

बेनला पैशांची चिंता नाही. स्वतःचे घर आहे, तब्येत उत्तम आहे. त्याला हवी आहे ती सोबत आणि सकाळी उठायला कारण. त्यामुळे पगाराच्या प्रश्नात कथा फारशी शिरत नाही. शिवाय जाहिरात-विक्रीच्या वरिष्ठ पदावर राहिलेल्या या माणसाचा बराच वेळ गाडी चालवण्यात आणि बॉसला धीर देण्यात जातो. प्रेमळ आजोबा म्हणून ज्येष्ठ माणूस ऑफिसला चालतो; जबाबदारीच्या पदावर तो चालेल का, हे चित्रपट विचारत नाही.

भारतात परिस्थिती कशी आहे?

महाराष्ट्र शासनाच्या बहुतांश कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांचे ६० आहे. खासगी क्षेत्रातील ‘ईपीएस-९५’ योजनेत किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली, ती महिना १००० रुपये. अशा घरात निवृत्तीनंतरचे काम हा विरंगुळा नसतो, औषधांचा खर्च असतो.

अमेरिकेत चाळिशीपुढील कर्मचाऱ्यांना वयावरून डावलण्याविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे. त्यातून भेदभाव संपला नाही, पण दाद मागायला जागा मिळाली. भारतात खासगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ज्येष्ठांना रोजगार मिळावा म्हणून २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे पोर्टल सुरू केले. मात्र पोर्टलवर नाव नोंदवणे ही पहिली पायरी झाली. समोर घेणारी कंपनीही हवी.

कंपन्यांनी काय करावे?

‘द इंटर्न’च्या हिंदी रूपांतराची घोषणा २०२० मध्ये झाली, तेव्हा बेनच्या भूमिकेसाठी ऋषी कपूर यांचे नाव होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी अमिताभ बच्चन यांचे नाव जाहीर झाले. म्हणजे ही गोष्ट इथल्या प्रेक्षकाला आपली वाटेल, याची खात्री निर्मात्यांना होती.

पडद्याबाहेर मात्र ‘ज्येष्ठांचा सन्मान’ म्हणून एक दिवसाचा कार्यक्रम पुरेसा नाही. अर्धवेळ काम, ठरलेले मानधन, नेमकी जबाबदारी आणि नवे तंत्र शिकण्यासाठी आवश्यक वेळ, एवढे लेखी द्यायला हवे. ज्येष्ठांनीही जुनी खुर्ची घरी ठेवून यायला हवे. बेनने ते केले, म्हणूनच ज्यूल्सने त्याचे ऐकले.