केसपेपर आणि कोड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डातील सिस्टर सकाळच्या राउंडला औषधांचा छापील तक्ता घेऊन आल्या. ‘मॅडम, हे बघा. कालपर्यंत बरोबर येत होतं.’ पॅरासिटामॉलच्या सिरपसमोर ‘१२५ मिलिग्रॅम’ऐवजी ‘१२५ मिली’ छापले होते. त्या सिरपच्या ५ मिलीमध्ये, म्हणजे एका छोट्या चमच्यात, १२५ मिलिग्रॅम औषध असते. उलट १२५ मिली द्यायचे तर ६० मिलीच्या दोन बाटल्या रिकाम्या करूनही पुरणार नाहीत. अनुभवी सिस्टर असल्याने चूक तिथेच थांबली.

आदल्या रात्री सॉफ्टवेअर ‘अपडेट’ झाले होते. ते सांभाळणारा तरुण इंजिनीअर आला. मी विचारले, ‘अरे, काल नेमकं काय बदललंस?’ त्याने लॅपटॉप उघडला. आत फोल्डर होते ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू २’ आणि ‘सोमवारचं फायनल’. चुकीची ओळ सापडायला दोन दिवस लागले. तोवर आम्ही सगळे तक्ते हाताने लिहिले. ‘गिट शिकला नाहीस का?’ या प्रश्नावर त्याचे उत्तर प्रामाणिक होते, ‘झालं होतं मॅडम, व्हायव्हापुरतं.’

गिट हे व्हर्जन कंट्रोलचे, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचे साधन. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. जगभर विखुरलेले प्रोग्रॅमर एकाच लिनक्सवर काम करत होते आणि ते आधी वापरत असलेल्या साधनाची मोफत सोय बंद झाली होती. आज सॉफ्टवेअर उद्योगाचा मोठा भाग गिटवरच चालतो.

डॉक्टरांना यात नवल वाटू नये. एमबीबीएसला आम्हाला शिकवले जाते की केसपेपरवर खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी दुरुस्ती, तारीख, वेळ आणि सही. गिटमधील ‘कमिट’ म्हणजे हेच. काय बदलले, कोणी, केव्हा, आणि नीट लिहिले असेल तर का, हेही त्यात राहते. मूळ कोडला धक्का न लावता वेगळ्या ‘ब्रँच’वर प्रयोग करता येतो आणि तो जमला तरच मूळ कोडमध्ये मिसळता येतो.

नोंद असली की निदानही सोपे होते. गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने बिघाड झाला हे शोधायचे, तर ती मधला बदल तपासायला सांगते. तिथे सगळे ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात. असे निम्मे-निम्मे करत साधारण दहा तपासण्यांत दोषी बदल हाती लागतो. आमचे दोन दिवस कदाचित तासाभरात निभावले असते.

हा प्रश्न आता एका वॉर्डापुरता नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ अंकी आभा क्रमांकाने रुग्णाच्या नोंदी जोडल्या जात आहेत आणि अनेक सरकारी रुग्णालयांत केसपेपर आता क्यूआर कोड स्कॅन करून निघतो. या यंत्रणांचा कोड लिहिणारे बहुसंख्य लोक टोरवाल्ड्स नाहीत. ती तुमच्या-आमच्या घरातली, चार वर्षांची पदवी घेतलेली मुले आहेत. रुग्णाची सुरक्षितता काही अंशी त्यांच्या सवयींवर अवलंबून आहे.

मग शिकवायचे कसे? आज बहुतेक जण पाच-सहा आज्ञा पाठ करतात आणि काही अडले की सगळे पुसून नव्याने सुरुवात करतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०२० साली ‘मिसिंग सेमिस्टर’ नावाचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, कारण अशी रोजची साधने तिथेही वर्गात क्वचितच शिकवली जात. त्यात आधी गिट आतून नोंदी कशा ठेवते ते समजावतात, आज्ञा नंतर येतात. शरीररचना आधी, शस्त्रक्रिया मग, तसेच हे. १९९८ पासून संशोधकांना प्रोग्रॅमिंगची साधने शिकवणारा ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हा उपक्रम दुसरी गोष्ट दाखवतो. तिथे शिक्षक सर्वांसमोर कोड टाइप करतो, विद्यार्थी बरोबरीने टाइप करतात. शिक्षकाचे चुकणे आणि सावरणे हाही धड्याचाच भाग. आमचे बेडसाइड टीचिंग याहून वेगळे नाही.

माझ्या मते परीक्षेत आज्ञा विचारूच नयेत. मुद्दाम बिघडवलेला कोड द्यावा आणि म्हणावे, ‘कुठे बिघडले ते शोध, मागे जा, आणि कारण दोन ओळींत लिही.’ मागे जाता येते ही खात्री आली की भीती जाते, आणि भीती गेली की चुका लपवल्या जात नाहीत.

दोन इशारेही शिकवायला हवेत. गिट काही विसरत नाही. चुकून टाकलेला पासवर्ड किंवा रुग्णांची यादी नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत राहते. म्हणून ती आत जाताच कामा नये. दुसरे म्हणजे, मागे जाता येणे पुरेसे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. ब्रिटनमधील अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. औषध आधी थोड्या रुग्णांवर तपासतात, तसे अपडेटही आधी थोड्या संगणकांवर तपासावे लागते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात शेकडो ओळींचा कोड लिहून देते. अशा वेळी जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीने वाचणे आणि त्याखाली आपल्या नावाची नोंद करणे, हेच माणसाचे काम उरते. रेसिडेंटने लिहिलेल्या औषधांखाली मी न वाचता सही करत नाही, ती याच कारणाने.

आमचा तो इंजिनीअर आता गिट वापरतो. अपडेटच्या आदल्या दिवशी तो बदलांची यादी पाठवतो: काय बदलले, का बदलले, बिघडले तर कुठवर मागे जायचे. यादीत औषधांचा भाग असेल, तर ती आधी सिस्टर वाचतात. मागच्या महिन्यात त्यांनी एक बदल परत पाठवला.