मणक्याची दुखापत: आशा खरी, पण दुकानदारीपासून सावध!

बाईकचा अपघात होतो किंवा बांधकामावरून कोणी खाली पडतो आणि घरातला कमावता तरुण अंथरुणाला खिळतो. मशिदीत दुआ होते, चंदा जमतो. मग कुणीतरी सांगतं, अमुक क्लिनिकमध्ये ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन दिलं की तुटलेल्या नसा पुन्हा वाढतात. हा पैसा तिथे द्यावा का? त्यासाठी विज्ञान कुठवर आलं आहे ते आधी पाहू या.

हातापायातला मज्जातंतू तुटला तर तो हळूहळू वाढू शकतो. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू मात्र वाढत नाहीत. असं का? झ्युरिकचे मेंदूशास्त्रज्ञ मार्टिन श्वाब यांनी आपली हयात या एका प्रश्नावर खर्च केली. तंतूंभोवतीच्या आवरणातच वाढ रोखणारं एक प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवलं. त्याचं नाव ‘नोगो-ए’. ते अडवणारी प्रतिपिंडं दिल्यावर उंदरांच्या मज्जारज्जूतले काही तंतू पुन्हा वाढले. हा निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हापासून माणसांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल यायला 2024 साल उजाडलं. युरोपातल्या चार देशांत, मानेच्या मज्जारज्जूला नुकतीच दुखापत झालेल्या सव्वाशेच्या आसपास रुग्णांवर ही चाचणी झाली. दुखापतीनंतर पहिल्या चार आठवड्यांतच औषध सुरू केलं गेलं. निकाल काय? सगळे रुग्ण एकत्र धरले तर हातांच्या ताकदीत ठोस फरक दिसला नाही. ज्यांची दुखापत अर्धवट होती, थोडी हालचाल शिल्लक होती, त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हं दिसली. म्हणून आता पुढच्या चाचण्यांची गरज आहे.

आमच्या मते खरी गोष्ट इथेच आहे. तीन दशकांहून जास्त मेहनत करणारे संशोधक ‘चिन्हं दिसली’ एवढंच म्हणतात आणि गल्लीतलं क्लिनिक चालायला लावण्याची गॅरंटी देतं! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. म्हणून क्लिनिकला दोन प्रश्न विचारा. ही चाचणी असेल तर तिचा सरकारी नोंदणी क्रमांक कोणता? आणि चाचणी असूनही आमच्याकडून लाखो रुपये का मागता?

मग चंद्याचा, जकातीचा पैसा कुठे लावायचा? फिजिओथेरपी, चांगली व्हीलचेअर, अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून योग्य गादी, लघवीच्या त्रासावरचे उपचार. अशा रुग्णाचा जीव या जखमांच्या आणि लघवीच्या संसर्गामुळे धोक्यात येऊ शकतो. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. दिव्यांग प्रमाणपत्रही लवकर काढून घ्या, सरकारी योजनांचा दरवाजा त्यानेच उघडतो.

आणखी एक गोष्ट तरुणांना सांगायला हवी. अपघातग्रस्ताला हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका. मान आणि पाठ हलू न देता 108 ला फोन करा. अर्धवट दुखापत पूर्ण व्हायला एक चुकीचा झटका पुरतो आणि नव्या औषधाची आशा तर आज त्या अर्धवट दुखापतीच्या रुग्णांनाच आहे.

प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही आपली श्रद्धा आहे. हा इलाजही इन्शाअल्लाह एक दिवस येईल. तोवर दुआ सुरू ठेवू या, पण कौमचा पैसा डोळे उघडे ठेवून खर्च करू या.