शाळेत मोबाईलबंदी हवीच. पण दप्तर सगळ्यांचे तपासा

शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात मोबाईल नसावा, या मताचे आम्ही आहोत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे वाचून कोणी आम्हाला मोबाईलचे वकीलपत्र घेतलेले समजायचा. वर्गात शिक्षक फळ्यावर गणित मांडत असताना बाकाखाली रील्स पाहणारे पोर गणितात मागे पडते, आणि मागे पडलेल्या आपल्या पोराला खासगी शिकवणी लावायला आपल्या वस्तीत पैसा नसतो. ज्यांच्याकडे शाळेशिवाय दुसरा आधार नाही, त्यांनाच शाळेतला एकेक तास जपावा लागतो.

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्याकडे बुद्ध विहारांतून, वसतिगृहांतून, वाचनालयांतून होतो. त्या दिवशी पोरं आपणहून मोबाईल बाजूला ठेवतात. कुठल्या परिपत्रकाची वाट पाहत नाहीत. म्हणजे पुस्तकासमोर बसायचे तर मन एका जागी हवे, हे चळवळीला शिकवायला कोणी नको. आमचा प्रश्न बंदीचा नाहीच. ती कोण ठरवणार, कोणाला लागू होणार आणि मोडली तर शिक्षा कोणाला होणार, हा प्रश्न आहे.

२०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीने असाच दोन तासांचा नियम केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने वेगळा ठराव घेतला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही, असा तो ठराव. या दोन रीतींत फरक आहे. पहिलीत बापाचाही मोबाईल बंद होतो, आईची मालिकाही बंद होते. दुसरीत मोठे मोकळे आणि बंधन फक्त पोरांवर. आम्हाला पहिली रीत पटते. नियम करणारा स्वतः नियमात बसला की पोराला वेगळे समजावावे लागत नाही.

म्हणून शाळेतली बंदी शिक्षकालाही लागू झाली पाहिजे. शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, वरून मागवलेली माहिती, हे सगळे शिक्षकाच्या खिशातल्या मोबाईलवर लादले गेले आहे, हे आम्ही जाणतो. त्यात शिक्षकाचा दोष नाही. पण ते काम कार्यालयात बसून करावे. तास चालू असताना गुरुजींचा अंगठा स्क्रीनवर फिरतो आणि पोराने तेच केले की कान धरला जातो, याला शिस्त म्हणत नाहीत.

आता मुद्द्याचे. आपल्या माणसाच्या हातातला मोबाईल या समाजात नुसते यंत्र नसते. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. वाद कशावरून पेटला? त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून. नर्सिंगचे शिक्षण घेणारा पोरगा होता तो. तेव्हा मोबाईल जप्त करण्याचा अधिकार एखाद्याच्या हातात देताना आम्ही दोनदा विचार करणार, आणि कोणी त्याला जातीयवाद म्हटले तरी करणार. दप्तर तपासायचे तर रांगेने सगळ्यांचे तपासा. सरपंचाच्या पोराचे, संस्थाचालकाच्या नातवाचे आणि भीमनगरातल्या पोराचे. फोन जमा केला तर वहीत नोंद करा आणि संध्याकाळी सही घेऊन परत द्या. त्यातले फोटो, स्टेटस, चॅटिंग उघडून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, पण तो वाचावा लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मोबाईल सापडला म्हणून दाखला हातात देण्याची धमकी पोकळ आहे. नववी-दहावीला ही कलमे पुरत नाहीत, तरी तिथे मारहाणीला फौजदारी कायदा आहेच. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावर निकाल दिला. सरसकट बंदी नको, पण वर्गात वापर नको, शक्य तिथे फोन जमा करावेत, पालकांशी बोलून धोरण ठरवावे आणि शिक्षा फार कठोर नसावी, असे त्या निकालाचे सार आहे. महाराष्ट्रातील शाळांवर तो बंधनकारक नसला, तरी मुख्याध्यापकांसमोर ठेवण्याजोगा आहे.

आणि पालकांशी बोलायचे ते कुठे? कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकातील पालकांना प्रमाणात जागा हव्यात. आपल्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीचे इतिवृत्त मागून पाहिले आहे? मोर्चाला शंभर माणसे जमतात आणि समितीच्या बैठकीला आपला एक पालक नसतो. मग सही कोणाच्या अंगठ्यावर उरकली जाते, हे विचारायचा हक्क आपणच सोडून देतो.

मुलींचे वेगळे आहे. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्के आहे. फोन कमी मुलींकडे, पण बदनामी जास्त त्यांचीच. मुलाकडे फोन सापडला तर शाळेत दम मिळतो. मुलीकडे सापडला की घरी निरोप जातो आणि घरचे शाळाच बंद करून स्थळे पाहू लागतात. मुलीच्या बाबतीत शाळेने आधी तिच्याशी बोलावे, शिक्षिकेमार्फत बोलावे. चावडीवर चर्चा होईल असा निरोप धाडू नये.

शेवटी वाशी, भूम, कळंब या पट्ट्याचे दुखणे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मायबाप कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात. पोरगं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्याच्या खिशातला साधा मोबाईल म्हणजे फडातल्या आईचा आवाज असतो. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा शिक्षण हवे तर मोबाईल घ्या, असे याच पालकांना सांगण्यात आले होते. अनेकांनी कर्ज काढून तो घेतला. आता तो दारात ठेवा म्हणता, ठेवू. पण मग शाळेने कार्यालयातला एक क्रमांक पालकांना द्यावा, तो उचलणारा माणूस नेमावा आणि मधल्या सुट्टीत पोराला आईशी दोन मिनिटे बोलू द्यावे. यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय. समितीने एक ठराव केला की झाले, आणि टोळ्या निघण्याआधी तो क्रमांक कागदावर लिहून प्रत्येक आईच्या हातात पडला पाहिजे.