विश्लेषण : वकील नसतानाही कंपनीच्या ‘लीगल’ विभागात काम करता येते? मर्यादा कोणत्या?

बँक, विमा कंपनी, बांधकाम समूह किंवा औषध कंपनीच्या ‘लीगल’ विभागात बसणारा प्रत्येक जण वकील नसतो. करारांची नोंद ठेवणारे, खटल्यांच्या तारखा सांभाळणारे, नोटिसा वेळेत जातात ना हे पाहणारे अनेक जण बी.कॉम., एमबीए किंवा कंपनी सेक्रेटरी असतात. त्यांच्या नोकरीला कायद्याची आडकाठी नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालानंतर या विभागातल्या ई-मेलकडे नव्याने पाहावे लागते आहे.

कायदा काय सांगतो?

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ नुसार वकिली व्यवसाय करण्याचा अधिकार फक्त अधिवक्त्यांना आहे. अधिकार नसताना न्यायालयात वकिली केल्यास कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिली म्हणजे केवळ कोर्टात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे, मसुदे तयार करणे हेही त्यात येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये परदेशी लॉ फर्मच्या प्रकरणात म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात तीच भूमिका घेतली.

मग पदवी नसलेला कर्मचारी करार कसा तपासतो? कारण तो अशिलाला सेवा विकत नसतो, मालकाचे काम करत असतो. तोच कर्मचारी संध्याकाळी शेजारच्या दुकानदाराला फी घेऊन कायदेशीर सल्ला देऊ लागला, तर प्रश्न वेगळा होतो.

पदवीधरही ‘वकील’ नाहीत?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार अधिवक्त्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणजे एलएल.बी. झालेला लीगल मॅनेजरही नोकरीच्या काळात कोर्टात उभा राहू शकत नाही. कंपनीसाठी कोर्टात युक्तिवाद बाहेरचा वकीलच करतो.

मग बिगर-वकील नेमके काय करतात?

सर्वात वरचे स्थान कंपनी सेक्रेटरीचे. प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला आणि १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या इतर कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. कंपनी कायद्याच्या कलम ४३२ मुळे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही बाजू मांडू शकतात. हे दार वकिलीच्या पदवीविना उघडते.

त्याखालचे काम कमी झगमगीत, पण चुकले तर महागात पडणारे. धनादेश न वटल्याचे उदाहरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. नोटिशीची मुदत हुकली, तर त्या वेळच्या अनादरावर फौजदारी तक्रार टिकत नाही. ही तारखांची वही सांभाळणारा बहुधा वकील नसतो. कंपनीतर्फे तक्रारीवर सही करणारा आणि साक्षीला उभा राहणाराही अनेकदा असाच अधिकृत कर्मचारी असतो. व्यवहाराची माहिती त्यालाच असते.

नव्या निकालाने काय बदलले?

तपास यंत्रणांनी वकिलांनाच समन्स पाठवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने वकिलांना संरक्षण दिले. पण कंपनीच्या पगारी विधी सल्लागारांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे गोपनीयतेचे कवच मिळणार नाही, असेही स्पष्ट केले. ते न्यायालयात वकिली करत नाहीत, हे त्यामागचे कारण. कंपनीने बाहेरच्या वकिलाशी केलेल्या गोपनीय संवादाला कलम १३४ चे संरक्षण आहे. कंपनी आणि तिचा स्वतःचा विधी अधिकारी यांच्यातल्या संवादाला ते नाही.

आता पदवीधर अधिकाऱ्याची ही स्थिती असेल, तर बिगर-वकील सहकाऱ्याची काय? ‘आपली चूक झाली आहे, पण समोरच्याला कळलेले नाही’ अशा अर्थाचा त्याचा ई-मेल उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकतो. वर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून भागत नाही. म्हणून फाइलवर तथ्ये, तारखा, कागदपत्रे लिहावीत आणि मत बाहेरच्या वकिलाकडून घ्यावे. ही काळजी कंपन्यांनीच शिकवायला हवी. प्रत्यक्षात नवख्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी दिला जातो तो फक्त लॅपटॉप.

पुढे जायचे तर पदवी हवीच?

करार व्यवस्थापन, अनुपालन, डेटा संरक्षण यात पदवीशिवायही बरेच वर जाता येते. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी मात्र एलएल.बी. सहसा मागितली जाते. ती नोकरी सांभाळून करणे सोपे नाही. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे. पत्राद्वारे घेतलेल्या पदवीवर सनद मिळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अधिवक्ता दुरुस्ती विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता. त्यात कंपन्यांत विधीविषयक काम करणाऱ्या कायदा पदवीधरांनाही ‘विधी व्यावसायिक’ म्हणण्याचा प्रस्ताव होता. वकिलांच्या आंदोलनानंतर सरकारने सूचना घेणे थांबवून मसुदा फेरविचारासाठी ठेवला. ज्यांच्याकडे ती पदवी नाही, त्यांचा त्या व्याख्येत उल्लेखही नव्हता.