साक्रीच्या दिव्यांगांचा इशारा : आता अर्ज नाही, हिशेब

घरकुलाच्या यादीवर आणि निराधार अनुदानाच्या प्रकरणांवर ज्यांची सही लागते, त्या सर्वांसाठी हे पत्र आहे.

यात विनंती नाही. विनंत्या करून झाल्या.

आम्ही साक्री तालुक्यातले दिव्यांग. पिंपळनेरचे, दहिवेलचे, निजामपूरचे, कुडाशीकडच्या पाड्यांवरचे. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणी कुबडीवर, कुणी अंथरुणाला खिळलेला. आजवर एकेकटे येत होतो. यापुढे तसे येणार नाही.

अर्ज भरले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, सगळे जोडले. तपासणीसाठी धुळ्याला गेलो. युडीआयडी कार्ड काढले. तुम्ही त्रुटी काढली, आम्ही पूर्तता केली. पुन्हा त्रुटी, पुन्हा पूर्तता. साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब मीटिंगला आहेत, साइट बंद आहे, पुढच्या सोमवारी या. सगळे ऐकून घेतले. आवाज चढवला नाही.

त्या संयमाचा अर्थ चुकीचा काढला गेला.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे. कलम 37 नुसार घरवाटपाच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आमचे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांचे, आणि त्यातही स्त्रियांना प्राधान्य. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, तो वेगळा.

ही मेहेरबानी नाही. हा वाटा आहे. वाट्याचा हिशेब मागितला जातो.

यादीतून नाव कसे गळते, ते आम्हाला ठाऊक आहे. दिवाळी झाली की पश्चिम पट्ट्यातली बिऱ्हाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्याला कोयता धरता येत नाही, तो मागे राहतो. कुडाच्या भिंती, वर प्लास्टिकचा कागद, आत डोळ्यांनी अधू म्हातारी. पाहणीला आलेला माणूस कुटुंबप्रमुखाला हाक मारतो. तो फडावर असतो. शेरा पडतो : कुटुंब आढळले नाही.

म्हातारी घरातच होती.

अनुदानाची तीच गत. केवायसीला ओटीपी लागतो. तो बारडोलीकडे गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर पडतो. अंगठा लावावा, तर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. पैसे थांबतात. मग जिवंत माणसाने समोर उभे राहून हयातीचा दाखला आणायचा.

आणखी एक. स्वयंचलित तीनचाकी किंवा चारचाकी असेल, तर प्रधानमंत्री आवास योजनेत नाव बसत नाही. चाके जोडलेली दिव्यांगाची स्कूटर म्हणजे मालमत्ता नव्हे. ते त्याचे पाय आहेत. तिच्या नावाखाली कुणाचे घर कापले जाणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवावे.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. 3 डिसेंबर 2022 ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निघाला. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान ऑक्टोबर 2025 पासून 1,500 वरून 2,500 रुपये झाले. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचे मूळ अनुदान 1,20,000 रुपये आहे.

मुंबईत निर्णय झाला. तालुक्यात येऊन तो टेबलावर पडला. आमचे भांडण त्या टेबलाशी आहे.

दप्तर दिरंगाईचा कायदा 2005 चा. एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त थांबू नये, असे त्यात लिहिले आहे. आमच्या फाइलींनी पावसाळे काढले आहेत.

आमच्या मागण्या चार.

एक. घरकुलातल्या 5 टक्के वाट्याची गावनिहाय यादी, नावासह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

दोन. प्रत्येक प्रलंबित अर्जाचे लेखी उत्तर द्या. मंजूर किंवा नामंजूर. नामंजूर असेल तर कारण आणि खाली सही.

तीन. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याची केवायसी आणि हयातीची तपासणी त्याच्या घरी जाऊन करा. थकलेले महिने एकरकमी जमा करा.

चार. ऊसतोडीच्या काळात वगळलेल्या कुटुंबांची फेरपाहणी करा. ग्रामसभेत नावे वाचून दाखवा.

मुदत पंधरा दिवस. हे पत्र हाती पडल्याच्या तारखेपासून. पोच आम्ही घेणार आहोत.

मुदत टळली, तर पुढचे ठरलेले आहे.

दाखले रखडवणाऱ्यांविरुद्ध 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपिले दाखल होतील. एक नव्हे, गठ्ठ्याने. त्यातला दंड 500 ते 5,000 रुपये असतो आणि तो शासनाच्या तिजोरीतून भरायचा नसतो.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रारी जातील. समन्स काढण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 89 आम्ही वाचले आहे. पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड. पुढच्या प्रत्येकाला 50,000 ते 5 लाख. तुम्हीही वाचून ठेवा.

आणि गावोगावच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारला जाईल : 5 टक्के कुठे गेले? उत्तर इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय सभा उठणार नाही.

यातले काही करावे लागू नये, अशी आमची इच्छा आहे. करता येईल का, अशी शंका तुम्ही बाळगू नये.

सोळाव्या दिवशी, कार्यालय उघडायच्या वेळेला, आम्ही दारात असू. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, खाटा यांसह. पायऱ्या चढून वर येणार नाही. साहेबांनी खाली यावे.

तोंडी आश्वासन घेऊन कुणी येऊ नये. यादी घेऊन यावे.