स्त्रियांमधला विथड्रॉवल : सौम्य की न ओळखलेला?

दारू अचानक थांबली की फिट येण्याचा आणि डीटीमध्ये (डिलिरियम ट्रेमेन्स, दारू तुटल्यावरचा तीव्र भ्रम) जाण्याचा धोका पुरुषांना जास्त, स्त्रियांमध्ये विथड्रॉवल तुलनेने सौम्य, असे अनेक रुग्णालयीन अभ्यासांत दिसले आहे. प्राण्यांवरील प्रयोगही त्याच बाजूला झुकतात: दारू बंद केल्यावर फिट येण्याची प्रवृत्ती मादी उंदरांमध्ये नरांपेक्षा लवकर ओसरते. या निरीक्षणाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्यातून काढल्या जाणाऱ्या सोयीच्या अर्थाशी. बाई आहे, चार दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवू, असे म्हणण्याचा परवाना सरासरी देत नाही. पूर्वी फिट आली होती का, डीटी झाला होता का, दारू किती वेळा सुटून पुन्हा सुरू झाली, सोबत झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, यावरून तीव्रतेचा अंदाज बांधायचा असतो. आणि स्त्रीच्या केसपेपरवर नेमक्या याच जागा कोऱ्या असतात. ज्यांची दारू लपून राहते त्या मुळात आपल्या वॉर्डातच येत नाहीत, मग अभ्यासात कुठून येणार?

या विषयाचे आपले ज्ञान बऱ्याच अंशी पुरुषांच्या शरीरावरून घडले आहे. दारू तुटल्यानेच फिट आणि भ्रम होतात हे दाखवणारा १९५५ चा इस्बेल यांचा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत लेक्सिंग्टनला झाला. त्यातले दहाही जण पुरुष होते. किती दारू म्हणजे धोक्याची, याचा आपल्या डोक्यातला हिशेबही तसाच पुरुषी आहे. ४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. रोज दोन क्वार्टर ऐकायची सवय झालेल्या कानाला ‘रोज एक’ किरकोळ वाटते. पण स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते, आणि यकृताची हानी कमी दारूत, कमी वर्षांत होते. याचा थेट संबंध औषधाशी आहे. यकृत थकलेले असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात साचत जाते. तिथे लोराझेपाम जवळ करावे लागते. म्हणजे विथड्रॉवल सौम्य असला तरी रुग्ण नाजूक असू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत महागात पडते.

सर्वात मोठा धोका मात्र व्यसनमुक्ती केंद्रात नाही, तो इतर वॉर्डांत आहे. पित्ताशयाच्या किंवा मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेली पन्नाशीची स्त्री घ्या. पहिल्या दिवशी हात थरथरतात, ते भीतीवर जाते. घाम येतो, तो पाळी जाण्याच्या वयावर. तिसऱ्या रात्री नाडी १३० वर, सलाइन उपसून टाकलेले, पलंगाखाली माणसे दिसताहेत. आणि कागदावर लिहिले जाते ‘ऑपरेशननंतरचा भ्रम’. हॅलोपेरिडॉल टोचले जाते, जे एकटे दिले तर फिट येणे उलट सोपे करते. डेक्स्ट्रोज चालू असते, थायमिन कोणाच्या ध्यानात नसते. हाच रुग्ण पुरुष असता तर पहिल्याच दिवशी नातेवाइकांना विचारले गेले असते, ‘पितात का?’

यावर आक्षेप येतो की इतक्या थोड्या स्त्रियांसाठी सगळ्यांना का छेडायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) दारू पिणाऱ्या पंधरा वर्षांवरील स्त्रिया जेमतेम १.३ टक्के आहेत, पुरुष १९ टक्क्यांच्या आसपास. पण घरच्यांच्या कानावर पडेल अशा मुलाखतीत किती जणी खरे बोलतील? शिवाय मिश्री-तंबाखूबद्दल आपण बायकांना बिनदिक्कत विचारतो आणि कोणी रागावत नाही. त्याच ओघात पुढचा प्रश्न बसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सीवा (CIWA) या विथड्रॉवलच्या मोजपट्टीवर लक्षणे मोजून डोस दिला तर स्त्री-पुरुष भेद आपोआप सांभाळला जातो. खरे आहे, पण मोजायला कोणीतरी सुरुवात केली असेल तरच. आणि मळमळ, अस्वस्थता, भास हे रुग्णाला विचारूनच ठरते; भ्रमात गेलेल्या रुग्णावर ती पट्टी लंगडी पडते.

म्हणून आमची मागणी छोटी आणि ठाम आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्रीला, नवरा आणि सासू बाहेर असताना, दारू व झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारावे आणि शेवटचा घोट कधी घेतला ती वेळ केसपेपरवर लिहावी. उत्तर होकारार्थी असेल तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे आणि निदान तीन दिवस नाडी, रक्तदाब, थरथर यांची नोंद ठेवावी. गरोदर स्त्रीच्या बाबतीत घरी दारू सोडवण्याचा विचारच करू नये. तिला दाखल करावे आणि प्रसूतितज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.